साठ हजारांची पुडी: ‘ड’ जीवनसत्त्व किती घ्यावे याचा शंभर वर्षांचा हिशेब

माझ्या खालाचे गुडघे दुखत होते. रक्त तपासले तर ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघाले. डॉक्टरांनी साठ हजार युनिटच्या पुड्या लिहून दिल्या, आठवड्याला एक, अशा आठ. चिठ्ठी इंग्रजीत होती. दुकानातल्या मुलाने पाकीट हातात देताना सांगितले, “रोज रात्री दुधातून घ्या.” खालाने ते इमानेइतबारे पाळले. आठ पुड्या आठ दिवसांत संपल्या. थोडे बरे वाटतेय म्हणून तिने आणखी मागवल्या. ताकदीचे औषध आहे, त्याने काय बिघडणार, असे घरात सगळ्यांनाच वाटत होते. जवळजवळ दोन महिने हे चालले. मग तिला सतत तहान लागू लागली, पोट साफ होईना, उलट्या सुरू झाल्या आणि एका सकाळी ती घरातल्यांची नावे चुकवू लागली. दवाखान्यात कळले की रक्तातले कॅल्शियम फार वाढले आहे आणि किडनीवर ताण आला आहे. सलाईन, औषधे आणि बरेच आठवडे गेल्यावर ती सावरली.

घरी आल्यावर तिने मला विचारलेला प्रश्न साधा होता. “बेटा, मग हे घ्यायचं तरी किती?”

उत्तर एका आकड्यात देता येते आणि तो आकडा पुढे देतोच. पण तो कसा ठरला हे कळल्याशिवाय तो लक्षात राहत नाही. गेल्या शंभर वर्षांत या जीवनसत्त्वाची कमतरता आणि अतिरेक, दोन्हींनी माणसे आजारी पडली आहेत. कमतरतेची भीती बसली की लोक भरमसाट द्यायला लागतात, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा घडले. या इतिहासात आपल्या समाजाचीही पाने आहेत आणि त्यातले एक थेट नाशिकचे आहे.

सुरुवात मुडदुसापासून करावी लागते. पाय धनुष्यासारखे वाकलेली, छातीचा पिंजरा पुढे आलेली मुले इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून नोंदलेली आहेत. फ्रान्सिस ग्लिसन या वैद्याने १६५० मध्ये या रोगावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे कारखाने आले, शहरांवर धुराचे छत आले आणि अरुंद गल्ल्यांतल्या कामगारवस्त्यांमध्ये मुडदूस घरोघर दिसू लागला. कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजले की मूल सुधारते, हे लोकांना अनुभवाने माहीत होते. का सुधारते, ते माहीत नव्हते. जपानमध्ये काम करून परतलेल्या थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टरने १८९० मध्ये एक साधे निरीक्षण मांडले. जपानमध्ये त्याला मुडदूस दिसला नव्हता. ब्रिटनमध्ये तो पदोपदी दिसत होता. वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांची माहिती जुळवून तो म्हणाला की फरक उन्हाचा आहे. तेव्हा फारसे कुणी ऐकले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र झपाट्याने पालटले. १९१९ मध्ये लंडनला एडवर्ड मेलनबी याने कुत्र्याच्या पिल्लांना ठरावीक आहारावर ठेवून मुडदूस घडवला आणि कॉडच्या तेलाने तो टाळून दाखवला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवून बरे केले. एकाने तेलाने बरे केले, दुसऱ्याने प्रकाशाने, मग खरे कारण आहाराचे की उन्हाचे? १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलमने तेलातला हा घटक ‘अ’ जीवनसत्त्वापेक्षा वेगळा असल्याचे दाखवले. अ, ब, क ही नावे आधीच दिली गेली होती, म्हणून याच्या वाट्याला ‘ड’ आले.

आहार की ऊन, हा वाद चालू असतानाच १९२२ मध्ये हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी तो आपल्या नाशिकला केला होता. त्यांना जे दिसले ते त्या काळच्या समजुतीच्या उलट होते. खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पण गोषा पाळणाऱ्या घरांत मुडदूस आणि बायकांची हाडे मऊ पडण्याचा आजार आढळत होता. ही घरे मुसलमानांची होती, तशीच वरच्या जातीच्या हिंदूंचीही होती. बाळंतीण आणि बाळ महिनोन्महिने अंधाऱ्या माजघरात राहत. उलट ज्यांच्या ताटात धड दूधतूप नव्हते, अशा गरीब कष्टकरी बायका पोर पाठीला बांधून शेतावर जात. त्यांच्या मुलांत हा आजार जवळपास नव्हता. अन्न निकृष्ट, पण हाडे ठीक.

सहा वर्षांनी, १९२८ मध्ये, कॅथलीन व्हॉन या डॉक्टरबाईंचे पुस्तक आले. त्यांनी श्रीनगरच्या जनाना दवाखान्यात काम केले होते. हाडे मऊ पडली की कमरेचा सांगाडा आत दबतो आणि बाळंतपण अडते. अशा कितीतरी बायका त्यांनी पाहिल्या, आणि त्या शहरातल्या गोषातल्या होत्या. झेलमच्या पाण्यावर बोटींत राहणाऱ्या, दिवसभर उन्हात राबणाऱ्या बायका मात्र सहज बाळंत होत. दोघींचा मजहब एकच होता. फरक होता तो अंगावर पडणाऱ्या उजेडाचा.

या दोन नोंदी मी मुद्दाम सांगितल्या. आपल्याकडे हा विषय निघाला की दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, बुरख्यामुळे मुसलमान बायका आजारी पडतात. दुसरा म्हणतो, हा आपल्याला बदनाम करायचा डाव आहे. नाशिक आणि श्रीनगरच्या नोंदी दोघांनाही पुरेशा सोयीच्या नाहीत. आजार धर्माने होत नव्हता. तसे असते तर झेलमवरच्या हांजी बायकांनाही झाला असता आणि नाशिकच्या हिंदू वाड्यांतल्या बायकांना झाला नसता. पण बंद घर आणि झाकलेले अंग यांचा हाडांशी संबंध होता, हेही तितकेच खरे. आज तेच घर फ्लॅट झाले आहे. भिवंडी-मालेगावात यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा तास उभा राहणारा पुरुषही आता त्याच रांगेत आहे, आणि वातानुकूलित कार्यालयात बसणारा कुणीही.

म्हणजे कमतरता खरी आहे. आता अतिरेकाकडे वळू.

१९२४ च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी स्टीनबॉक याने दाखवले की अन्नावर अतिनील किरण सोडले तर त्या अन्नातच मुडदूस बरा करण्याचा गुण येतो. त्याने पेटंट घेतले. त्या पैशातून विद्यापीठासाठी संशोधन निधीची संस्था उभी राहिली. जर्मनीत आडोल्फ विंडाउस याने या पदार्थांचे रसायन उलगडले आणि १९२८ चे नोबेल मिळवले. ऊन बाटलीत भरता आले होते. पण बाटलीतले ऊन मोजायचे कसे? १९३१ मध्ये राष्ट्रसंघाच्या वतीने लंडनला झालेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय युनिट ठरले. हे माप फारच बारीक आहे. चाळीस युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम, एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. साठ हजार युनिट म्हणजे जेमतेम दीड मिलिग्रॅम. पुडीत जी पांढरी भुकटी दिसते ती जवळजवळ सगळी साखर वगैरे असते. ‘दीड मिलिग्रॅम’ ऐकून कुणाला भीती वाटत नाही आणि ‘साठ हजार’ ऐकून अनेकांना ती ताकद वाटते. दोन्ही फसवणारे आहे.

औषध हाती आल्यावर माणसे थांबली नाहीत. १९३० आणि ४० च्या दशकांत संधिवातावर रोज दोन-तीन लाख युनिट देण्याची पद्धत अमेरिकेत पसरली. त्वचेच्या क्षयावर युरोपात मोठ्या मात्रा दिल्या गेल्या. काहींना गुण आला. काहींच्या किडनीत आणि रक्तवाहिन्यांत चुना साठला आणि ते दगावले. पूर्व जर्मनीत तर सुदृढ बाळांनाही मुडदूस टाळण्यासाठी दर काही महिन्यांनी एकदम सहा लाख युनिट देत. पहिल्या दीड-दोन वर्षांत ही बेरीज छत्तीस लाखांपर्यंत जाई. पुढे तपासले तेव्हा अनेक बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढलेले आढळले. खालाच्या पुड्यांची बेरीज केली तर तीही छत्तीस लाखांच्या आसपासच येते, आणि तीसुद्धा अवघ्या दोन महिन्यांत.

सगळ्यात बोलके उदाहरण ब्रिटनचे आहे. दुसऱ्या महायुद्धात मुडदूस परत येऊ नये म्हणून सरकारने बाळांच्या दुधाच्या भुकटीत ‘ड’ घातले. शिवाय कॉडचे तेल वाटले जाई आणि बाळांच्या खाण्याच्या पिठांतही ते घातलेले असे. प्रत्येक खात्याचा हेतू नेक होता. पण सगळ्यांची बेरीज कुणी करत नव्हते. नियमाने वागणारी आई बाळाला नकळत रोज चार हजार युनिटपर्यंत देऊ शकत होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दूध न पिणारी, ओकणारी, वाळत जाणारी, रक्तात कॅल्शियम वाढलेली बाळे डॉक्टरांकडे येऊ लागली. अशी दोनशेच्या आसपास बाळे नोंदली गेली. १९५७ मध्ये सरकारने दूध, पीठ आणि तेल या तिन्हींतली मात्रा कमी केली आणि ही प्रकरणे ओसरली.

तेव्हा एक कोडे उरले होते. तेच दूध पिणारी लाखो बाळे ठणठणीत होती, मग हीच का आजारी पडली? उत्तर मिळायला २०११ साल उजाडावे लागले. शरीरात जास्तीचे ‘ड’ मोडून टाकणारे एक विकर असते. काहींच्या जनुकात दोष असल्याने ते नीट काम करत नाही. अशा बाळांना इतरांना पचणारी मात्राही बाधते. माणसामाणसात असा छुपा फरक असतो, म्हणून सुरक्षित मर्यादा ठरवताना बरीच जागा राखून ठेवावी लागते. ‘शेजारणीला काही झाले नाही’ हा पुरावा होत नाही, तो याचमुळे.

ब्रिटनची गोष्ट इथे संपत नाही. मात्रा घटवल्यानंतर, १९६२ मध्ये, ग्लासगोच्या डनिगन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि हाडे मऊ पडल्याचे प्रकार नोंदवले. सावळी कातडी, झाकलेले अंग, ढगाळ देश, आणि ‘ड’ घातलेल्या मार्गारिनऐवजी घरचे तूप व चपाती. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये आशियाई वस्त्यांसाठी मुडदूस हटाव मोहीम काढावी लागली. एकाच देशात वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने काही बाळांना ‘ड’ जास्त झाले आणि काहींना ते मिळालेच नाही. सरसकट एकच मात्रा सगळ्यांच्या माथी मारली की असे होते.

उन्हाने मात्र हा अतिरेक कधी होत नाही. कातडीत ‘ड’ चे पूर्वरूप तयार होते. ऊन जास्त झाले तर तेच ऊन त्याला मोडून निरुपयोगी पदार्थांत बदलते. शेतमजूर दिवसभर उन्हात राहून ‘ड’ च्या विषबाधेने आजारी पडत नाही. तोंडाने घेतलेल्या मात्रेला असा लगाम नाही. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज बाहेर जात नाही. म्हणून औषध बंद केल्यावरही त्रास आठवडे, कधी महिने चालतो. ते आतड्यातून कॅल्शियम ओढून रक्तात आणते. मग तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, अशक्तपणा, गोंधळलेले डोके आणि शेवटी मुतखडा किंवा किडनी निकामी होणे, अशी ही पायरी उतरते. उंदीर मारण्याच्या काही औषधांतला मुख्य घटक हेच जीवनसत्त्व आहे, मोठ्या मात्रेत.

आता आकडे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी रोजची गरज ६०० युनिट आणि रोजची कमाल सुरक्षित मर्यादा ४,००० युनिट ठरवली. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये हीच मर्यादा दिली होती आणि सत्तरीपुढच्यांसाठी गरज ८०० धरली होती. युरोपातही प्रौढांची मर्यादा ४,००० च आहे. लहानांसाठी अमेरिकी समितीच्या मर्यादा अशा: सहा महिन्यांपर्यंत १,०००, वर्षापर्यंत १,५००, तीन वर्षांपर्यंत २,५०० आणि आठ वर्षांपर्यंत ३,०००. ही मर्यादा म्हणजे गाठायचे ध्येय नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जिच्या पुढे जाऊ नये अशी ती रेघ आहे. उघड विषबाधा बहुधा रोज दहा हजारांहून अधिक युनिट महिनोन्महिने घेतल्यावर दिसते.

आठवड्याला एक साठ हजारांची पुडी म्हणजे रोजची सरासरी साधारण साडेआठ हजार. ती मर्यादेच्या वर आहे, पण कमतरता सिद्ध झाल्यावर आठ आठवड्यांपुरती, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यायची ती उपचाराची मात्रा आहे. तीच पुडी रोज घेतली तर गरजेच्या शंभर पट आणि कमाल मर्यादेच्या पंधरा पट होते. श्रीनगरच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये अशा विषबाधेचे दहा रुग्ण नोंदवले. पुन्हा पुन्हा दिलेल्या मोठ्या मात्रांनी ते आजारी पडले होते. ज्या खोऱ्यात कॅथलीन व्हॉन यांनी उजेडाअभावी मोडलेली हाडे पाहिली, तिथेच ऐंशी वर्षांनी अतिरेकाचे रुग्ण आले.

विषबाधा नसली तरी जास्त म्हणजे चांगले, असेही निघाले नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांवर केलेल्या चाचणीत वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले गेले. २०१० मध्ये निकाल आला: ‘ड’ घेणाऱ्या जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. कॅनडात तीन वर्षे रोज ४००, ४,००० आणि १०,००० युनिट देऊन तुलना केली, तर २०१९ मध्ये दिसले की मोठ्या मात्रेने हाडांची घनता वाढली नाही, उलट थोडी घटली. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक निवड न केलेल्या प्रौढांत रोज २,००० युनिट घेऊन अस्थिभंग कमी झाले नाहीत, हे २०२२ मध्ये जाहीर झाले. २०२४ मध्ये तिथल्या अंतःस्राव तज्ज्ञांच्या संघटनेने निरोगी प्रौढांची सरसकट रक्ततपासणी करू नये असे सांगितले आणि रक्तात तीसचा आकडा गाठण्याचा आपला जुना आग्रहही सोडला. आपल्याकडे मात्र पॅकेजातल्या तपासणीचा लाल आकडा पाहून अजूनही घरोघर पुड्या सुरू होतात.

मग खालाला मी काय सांगितले?

रक्तात कमतरता असेल तर डॉक्टर देतील ती पुडी त्यांनी सांगितलेल्या दिवशीच घ्यायची. जुम्मा ठरवून टाकायचा आणि घेतली की कॅलेंडरवर खूण करायची. कोर्स संपला की थांबायचे आणि पुढे काय ते पुन्हा विचारायचे. स्वतःहून काही घ्यायचे असेल तर रोजचे ४०० ते ८०० युनिट बहुतेक प्रौढांना पुरतात. कॅल्शियमची गोळी, मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीनचा डबा, हाडांचे टॉनिक यांतही ‘ड’ असते. ‘+एफ’ खूण असलेल्या दुधात आणि तेलातही थोडे असते. ब्रिटिश सरकारने जी बेरीज केली नाही ती आपण घरी करायची. बाळाचे थेंब देताना बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती युनिट ते वाचायचे आणि त्याच बाटलीची नळी वापरायची. मोठ्यांची पातळ साठ हजारांची बाटली बाळाच्या थेंबांजवळ ठेवायचीच नाही. मुतखडा, किडनीचा आजार, क्षय किंवा सारकॉइडोसिस असेल, रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करायचे नाही. आणि गोळ्या चालू असताना तहान, उलट्या, बद्धकोष्ठ असे काही दिसले तर थांबून लगेच रक्तातले कॅल्शियम तपासायचे.

राहिले ऊन. सकाळचे कोवळे ऊन चांगले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ‘ड’ बनवणारे किरण कोवळ्या उन्हात फार थोडे असतात. ते दुपारच्या आसपास मिळतात. त्यासाठी फार वेळ भाजून घ्यायची गरज नाही. आमच्या इमारतीच्या गच्चीला एका बाजूला उंच भिंत आहे. तिथे आता खाला आणि चारपाच शेजारणी जोहरच्या आधी थोडा वेळ बाह्या वर करून, पाय पसरून बसतात. त्या वेळेत पुरुषांनी वर जायचे नाही, असे सोसायटीत ठरले आहे. कुणी वाटाणे सोलते, कुणी नातवाला तेल चोळते. नाशिकच्या त्या वाड्यांना अशी गच्ची मिळाली असती तर बऱ्याच बायकांची हाडे वाचली असती.

आपल्या घरांत इसराफ हा शब्द पाणी आणि अन्नाबाबत रोज ऐकू येतो. वजूचे पाणी जास्त सांडले तरी वडीलधारी टोकतात. औषधाच्या बाबतीत मात्र हा शब्द कुणी काढत नाही. खाला आता काढते. परवा शेजारणीची सून पुडीचे पाकीट घेऊन वर आली, तर खालाने आधी चष्मा लावून चिठ्ठी वाचायला लावली आणि मग विचारले, “रोज की जुम्म्याला?”